परवान्यापासून विचारपुशीपर्यंत

कोल्हापुरातील भाऊसिंगजी रस्त्यावर टाउन हॉलनजीक जे विस्तीर्ण रुग्णालय उभे आहे, आणि पंचक्रोशीतील लहानथोर ज्याला केवळ सीपीआर या तीन अक्षरांनी ओळखतात, ते आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय मूळचे अल्बर्ट एडवर्ड इस्पितळ होय; आणि त्याची उभारणी झाली ती मेजर मॅन्ट या स्थापत्यविशारदाच्या काळात करवीर नगरीस नवे रूप येत होते तेव्हा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत. याच सुमारास, १८७८ साली, हिंदुस्थान सरकारने अफूचा कायदा केला आणि मुंबई सरकारने अबकारीचा. रोग्याची नाडी पाहणारी वास्तू आणि मादक पदार्थांचा जमाखर्च ठेवणारे दफ्तर ही दोन्ही एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत आकारास आली. परंतु त्यांची परस्परांशी खरी गाठ पडण्यास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. मधल्या काळात अफू खाणाऱ्या, गांजा ओढणाऱ्या, मद्य पिणाऱ्या माणसाला प्रश्न पुष्कळांनी विचारले: दुकानदाराने विचारले, अबकारी कारकुनाने विचारले, फौजदाराने विचारले. त्यांतील बहुतेक प्रश्न खजिन्यासाठी, फिर्यादीसाठी किंवा अहवालासाठी होते. त्याच्या स्वतःच्या हितासाठी, त्याची संमती घेऊन, त्यास खाली मान घालावयास न लावता विचारलेला प्रश्न आपल्याकडे फार उशिरा आला. आणि असा पाच-दहा मिनिटांचा संवाद हाच उपचाराचा आरंभ होऊ शकतो, ही जाण तर त्याहूनही अलीकडची.

कोल्हापूर हे संस्थान असल्यामुळे इंग्रजी कायदे येथे जसेच्या तसे लागू नव्हते. तथापि सातारा, रत्नागिरी आणि बेळगाव या इंग्रजी जिल्ह्यांना लागून असलेल्या आणि पोलिटिकल एजंटाच्या नजरेखाली कारभार करणाऱ्या संस्थानास अफूसारख्या बाबतीत मुंबई इलाख्याच्या बंदोबस्ताशी जुळवून घेणे भागच होते, कारण सरहद्दीच्या अलीकडे अफू स्वस्त आणि पलीकडे महाग असली की चोरट्या व्यापारास ऊत येई आणि वरिष्ठ सरकारचा महसूल बुडे. इलाख्याची रीत मक्त्याची होती. किरकोळ विक्रीचा हक्क जाहीर लिलावात चढ्या बोलीने द्यावयाचा, परवान्यावर अटी लिहावयाच्या, एका माणसाने एका वेळी किती माल जवळ बाळगावा याची हद्द ठरवावयाची, आणि वर्षअखेर हिशेब मिटवावयाचा, असा तो सरळ व्यवहार. मक्तेदारास खप हवा होता आणि सरकारास पट्टी हवी होती. खाणाऱ्याच्या प्रकृतीचे काय झाले, त्याच्या घरच्या चुलीचे काय झाले, यासाठी त्या नोंदवहीत रकानाच नव्हता.

याविरुद्ध आवाज उठला नाही असे नव्हे. जोतीराव फुले यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना दारूच्या वाढत्या दुकानांवर लेखी आक्षेप नोंदविला; १९०८ साली टिळकांच्या प्रेरणेने पुण्यातील गुत्त्यांपुढे स्वयंसेवकांचे पहारे बसले; आणि फुल्यांच्या विचाराला करवीर दरबारात शाहू महाराजांचा आश्रय लाभल्यावर सत्यशोधक कार्यकर्त्यांनी हा विषय या भागातील खेड्यापाड्यांत नेला. त्या सर्वांचा रोख दुकानावर होता आणि तो योग्यच होता. परंतु ज्याच्या अंगी व्यसन आधीच मुरले आहे त्याच्या वाट्यास या सगळ्यातून आला तो मुख्यतः उपदेश, आणि पुष्कळदा धिक्कार.

१८९३ साली सरकारने दोन मोठ्या चौकशा आरंभिल्या. अफूच्या शाही आयोगाने सातशेहून अधिक साक्षीदार तपासून १८९५ साली आपला अहवाल दिला. गांजा-भांगेच्या आयोगाने ११९३ साक्षीदार तपासून आपले काम १८९४ सालीच पुरे केले. या दुसऱ्या अहवालाचा एक भाग मला विशेष मननीय वाटतो. गांजाने मनुष्य वेडा होतो हा समज त्या काळी सरकारदरबारीही दृढ होता आणि त्यास आधार म्हणून वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे दाखविले जात. आयोगाने ते आकडे घेऊन त्यांच्या मुळाशी जावयाचे ठरविले. १८९२ या एका वर्षात देशातील अशा इस्पितळांत १३४४ रोगी दाखल झाले होते, आणि त्यांपैकी २२२ जणांच्या कागदांवर वेडाचे कारण म्हणून गांजा, भांग किंवा चरस यांची नोंद होती. प्रत्येक प्रकरणाची गावापर्यंत जाऊन फेरचौकशी केल्यावर जेथे हे कारण काही अंशी तरी ग्राह्य मानता येईल असे रोगी उरले अवघे ९८. उरलेल्यांचे काय झाले होते? रोग्याबरोबर पोलिसांकडून किंवा मॅजिस्ट्रेटाकडून एक छापील नमुना येई. त्यात वेडाचे कारण हा रकाना भरल्याखेरीज गत्यंतर नसे. आणि खरे कारण ठाऊक नसले की हाताशी असलेले सोयीचे कारण तेथे लिहिले जाई. त्यावरून पुढे वार्षिक अहवाल, अहवालावरून धोरण. रोग्यास, त्याच्या भावास, त्याच्या बायकोस कोणी नीट विचारलेच नव्हते. आजही कोल्हापूरकरांस मानसिक आजाराच्या प्रसंगी ज्याचा आधार वाटतो ते रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ सालचे, म्हणजे याच काळातील आहे.

त्याच आयोगाने आणखी एक गोष्ट केली, जिचे मोल पुढे कित्येक दशके कोणाच्या ध्यानात आले नाही. त्याने मित सेवन आणि अतिसेवन यांत भेद केला, आणि सेवन करणारे बहुसंख्य लोक पहिल्या वर्गात मोडतात असे नोंदविले. सर्वच सेवन करणारे एका माळेचे मणी नव्हेत, कोणास केवळ सावध करावे लागते, कोणास समजवावे लागते आणि थोड्यांसच दीर्घ उपचार लागतात, या आजच्या विचाराचे बीज त्या भेदात होते. परंतु आयोगापुढचा प्रश्न परवाना ठेवावा की बंदी घालावी एवढाच असल्यामुळे ते बीज तेथेच पडून राहिले.

अफूचे सर्वांत करुण दर्शन मात्र कोणत्याही गुत्त्यात नव्हते. ते पाळण्यात होते. घाटावरून आणि कोकणातून पोटासाठी मुंबईस गेलेल्या कुटुंबांतील स्त्रिया गिरणीत दहा-दहा तास राबत, आणि तेवढा वेळ मूल शांत निजावे म्हणून त्याला बाळगोळी देत. बाळगोळीत अफू असे. १९२२ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स या स्त्री-वैद्याने नमूद केले आहे की, या कामगार स्त्रियांच्या शंभर तान्ह्यांपैकी अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जात होती. हा आकडा वाचून त्या मातांना दोष देण्याचा मोह होतो, पण तो अन्याय होईल. सकाळच्या भोंग्यास हजर राहिले नाही तर रोज बुडतो, शेजारीण सांभाळण्यास राजी नाही, पाळणाघर नाही, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गोळी मिळते, अशा पेचात सापडलेल्या बाईने काय करावयास हवे होते हे सांगणे सुखवस्तू माणसास सोपे असते. डॉ. बार्न्सबाई त्या बायकांजवळ बसल्या आणि त्यांनी विचारले. म्हणूनच हा आकडा आपल्याला ठाऊक आहे. कोल्हापुरातही १९०६ साली शाहू महाराजांनी सूतगिरणीचा पाया घातला, आणि कामावर जाणाऱ्या आईच्या घरी मागे राहिलेल्या मुलाचा प्रश्न या नगरीसही परका राहिला नाही.

अफूबंदीचा इतिहास टक्केवारीचा आहे. १९०७ साली ब्रिटिश सरकारने चीनशी करार करून हिंदुस्थानी अफूची निर्यात दरवर्षी एक-दशांशाने घटवीत दहा वर्षांत संपविण्याचे मान्य केले. पुढे स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली दिल्लीस अखिल भारतीय अफू परिषद भरली तेव्हा तिनेही नेमका तोच हिशेब अंगीकारला: केंद्राकडून राज्यांस होणारा पुरवठा दरवर्षी दहा टक्क्यांनी कमी करावयाचा आणि १९५९ च्या मार्चअखेर औषधी व शास्त्रीय प्रयोजनाखेरीज अफू देशातून नाहीशी करावयाची. त्याच वर्षी १ मार्च रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा संमत झाला. आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी अमलात आली. म्हणजे करवीरच्या प्रजेने एका वर्षात राजा पालटलेला पाहिला, आणि दुसऱ्या वर्षी गुत्त्यास टाळे लागलेले पाहिले. या नव्या कायद्यात वैद्यकीय मंडळांची तरतूद होती. ज्याला प्रकृतीच्या कारणास्तव मद्य किंवा अफू आवश्यक असेल त्याने मंडळापुढे जावे, दाखला घ्यावा आणि परवान्यावर ठरीव मात्रा उचलावी, अशी ती व्यवस्था. व्यसनी माणसासमोर डॉक्टर येऊन बसला तो या व्यवस्थेत. पण तो आला दाखला देणारा अंमलदार म्हणून. त्याच्या पुढ्यातील माणसाचा सारा हेतू दाखला मिळविणे हा, आणि डॉक्टराचे सारे काम तो खोटे तर बोलत नाही ना हे पाहणे. अशा बैठकीत मनातले कोण बोलणार? दहा टक्क्यांची उतरती श्रेणी गोदामातील मालास लागू पडते. माणसाच्या शरीरास, त्याच्या निद्रेस, त्याच्या भीतीस ती तशी लागू पडत नाही, हे ध्यानात येईपर्यंत एक पिढी गेली, आणि हातभट्टीने तेवढ्यात आपले राज्य स्थापन केले.

१९८० नंतर मुंबईच्या गल्ल्यांत ब्राउन शुगर आली. तिला लोक गर्द म्हणू लागले. लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या आहारी गेलेल्या मुलांमध्ये बसून, त्यांच्या आयांशी बोलून लिहिले, आणि महाराष्ट्र हादरला. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी ते वाचून आर्थिक साहाय्य देऊ केले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. सुनंदा अवचट यांनी तेथेच काम उभे करण्याचे शिरावर घेतले; आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. सुनंदाबाई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली. संस्था त्यांच्या कन्येने पुढे चालविली आहे. मुक्तांगणने मराठी समाजास काय दिले, असे विचारले तर मी तेथील खाटांची संख्या सांगणार नाही. व्यसनी माणसाला मारहाण न करता, साखळीने न बांधता, त्याच्याशी बोलता येते, आणि त्याच्या पत्नीचेही ऐकून घ्यावे लागते, हे तेथे रोजच्या व्यवहारात दिसले. सरकारने आदल्याच वर्षी, १४ नोव्हेंबर १९८५ पासून, अमली पदार्थांचा नवा कडक कायदा लागू केला होता. त्यात सेवनास शिक्षा आहे आणि व्यसनींच्या उपचारासाठी केंद्रे स्थापण्याचा सरकारास अधिकारही आहे. या दोन कलमांपैकी पहिले अधिक वापरले गेले.

मात्र मुक्तांगणसारख्या ठिकाणी पोचतो तो मनुष्य बहुधा नोकरी गेल्यावर, दागिने विकल्यावर, घर मोडकळीस आल्यावर. त्याआधीच्या पाच-दहा वर्षांत त्याला कोणी काही विचारले होते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा मार्ग योगायोगाने निघाला. १९७७ साली लंडनमध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स आणि जिम ऑर्फर्ड यांनी मद्यासक्त अशा शंभर विवाहित पुरुषांवरील प्रयोगाचे फलित प्रसिद्ध केले. निम्म्यांना कित्येक महिने पूर्ण उपचार दिले होते. निम्म्यांना पत्नीसमक्ष एकदाच बसवून, तपासणीत काय आढळले ते सांगून, जबाबदारी तुमची आहे एवढे समजावून घरी पाठविले होते. वर्षअखेर दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. या निष्कर्षाने पुष्कळ तज्ज्ञ अस्वस्थ झाले, पण त्यातूनच अल्पकालीन समुपदेशनाचा विचार बळावला.

असे समुपदेशन कोणास द्यावे हे ओळखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ पासून जी चाचणी घडविली तिचे नाव असिस्ट. तिच्यात आठ प्रश्न आहेत आणि ते अगदी साध्या भाषेत विचारता येतात. आरंभ तंबाखूपासून होतो, म्हणून आपल्याकडच्या आजीबाईसही, मिशरी लावता का, या विचारणीने संकोच वाटत नाही. मग दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या, हुंगावयाची द्रव्ये, अफू आणि तिच्या जातीचे पदार्थ. गेल्या तीन महिन्यांत किती वेळा घेतले. घेण्याची अनावर इच्छा किती वेळा झाली. त्यापायी प्रकृतीची, पैशांची, कायद्याची काही अडचण आली काय. जे काम आपल्याकडून अपेक्षित होते ते राहून गेले काय. घरच्यांनी किंवा मित्राने कधी काळजी बोलून दाखविली काय. कमी करण्याचा यत्न फसला काय. कधी सुई टोचून घेतले काय. उत्तरांचे गुण मांडले की प्रत्येक पदार्थापुरता मनुष्य तीन पायऱ्यांपैकी एकीवर येतो. दारूखेरीज अन्य पदार्थांसाठी ३ पर्यंत धोका अल्प, ४ ते २६ मध्यम, २७ पासून पुढे गंभीर. आणि यानंतर तपासणाऱ्याने काय म्हणावे? चाचणीच्या पुस्तिकेने त्यास सांगितले आहे की, तुमचे गुण पाहण्याची तुमची इच्छा आहे काय, असे आधी विचारावे. इच्छा असेल तर कागद त्याच्यापुढे ठेवावा, धोका काय तो सांगावा, या गुणांची तुम्हाला स्वतःला कितपत चिंता वाटते ते विचारावे, आणि कागद त्याला घरी नेऊ द्यावा. १९५० साली परवानगी मागावयास व्यसनी मनुष्य मंडळापुढे उभा राहत असे. येथे परवानगी मागतो तो डॉक्टर. दीडशे वर्षांच्या या इतिहासात मला याहून मोठा पालट दिसत नाही.

ऑस्ट्रेलिया, ब्राझील, भारत आणि अमेरिका या चार देशांतील ७३१ जणांवर या पद्धतीची परीक्षा झाली आणि तिचे फलित २०१२ साली प्रसिद्ध झाले: अमेरिकेचा अपवाद वगळता पंधरा मिनिटांच्या आतील या संवादाने सेवन उतरणीस लागले. आपल्या शेजारच्या गोव्यात सांगत या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून अतिमद्यपी पुरुषांशी अशाच थोडक्या बैठका घडविल्या. ३७७ जणांवरील त्या प्रयोगाचा लाभदायक निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेटमध्ये आला. स्वीडनमध्ये अकरा प्रश्नांची चाचणी संगणकावर घरबसल्या सोडवून लगेच उत्तर मिळविण्याची सोय झाली, आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पात मद्यपींसाठी तसाच ऑनलाइन उपक्रम राबविला. विरुद्ध पुरावाही सांगितला पाहिजे. २०१४ साली बोस्टन येथील ५२८ आणि वॉशिंग्टन राज्यातील ८६८ मादक द्रव्यसेवकांवरील दोन प्रयोगांत अशा अल्प संवादाचा काहीच लाभ आढळला नाही. गंभीर व्यसनास, अनेक पदार्थांच्या मिश्रणास, सोबत नैराश्य असलेल्या रोग्यास पंधरा मिनिटे पुरत नाहीत. त्याला पुढे योग्य जागी पोचविणे एवढेच या चाचणीचे काम. पण ते कामही आपल्याकडे होत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले की, मद्यासक्त अशा अडतीस जणांपैकी एकासच कसला तरी उपचार मिळतो.

हा विषय कोल्हापुरापासून दूरचा आहे असे कोणी मानू नये. चंदगड तालुक्यातील ढोलगरवाडी हे गाव नागपंचमीच्या सर्पप्रदर्शनासाठी प्रसिद्ध. २०२१ साली मुंबई पोलिसांनी तेथील शेतघरावर छापा घालून मेफेड्रोन हा अमली पदार्थ बनविण्याचा कारखाना उघडकीस आणला. छापा आवश्यकच होता. परंतु इचलकरंजीच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणारा किंवा वसतिगृहात एकटा राहणारा जो पोरगा अशा मालाच्या नादी लागतो, त्याला आज विचारणारे कोण आहे? दवाखान्यात जाण्याची त्याला लाज वाटते आणि फौजदाराचे भय वाटते. भ्रमणध्वनीवर, नाव न सांगता, रात्री दोन वाजता आठ प्रश्नांची उत्तरे देणे त्याला जमेल. त्याच्या भयाबाबतही एक गोष्ट सांगितली पाहिजे: त्याच १९८५ च्या कायद्याचे कलम ६४ अ, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसास ठरावीक अपराधांच्या बाबतीत खटल्यापासून संरक्षण देते. हे कलम तरुणांना ठाऊक नाही, त्यांच्या आईवडिलांना तर मुळीच नाही.

म्हणून माझी विनंती कोल्हापूरच्या तालमींना आहे. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा आणि पेठापेठांतील इतर सर्व तालमींनी या नगरीतील तरुणांना मैदानावर आणि उत्सवात एकत्र ठेवले आहे. जो मुलगा डॉक्टरासमोर तोंड उघडत नाही तो तालमीतील वडीलधाऱ्या दादासमोर उघडतो. प्रत्येक तालमीने आपल्यातील दोन समंजस माणसांना ही आठ प्रश्नांची चाचणी सीपीआरमधील डॉक्टरांकडून शिकून घेण्यास पाठवावे, आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ व मानसिक आरोग्याच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हे दोन निःशुल्क क्रमांक, कलम ६४ अ च्या दोन ओळींसह, आपल्या दारावरील फलकावर ठळक अक्षरांत लिहावेत.